नकाराच्या पत्रानंतरचे साठ दिवस

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या आकडेवारीनुसार ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातून गेलेल्या कॉलेज-विद्यापीठाच्या अर्जांपैकी सुमारे ७४ टक्के अर्ज फेटाळले गेले. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे चार मुलांनी फाईल लावली, तर त्यातल्या तिघांच्या हाती नकाराचं पत्र.

कोकणातल्या बोर्ली पंचतनच्या पट्ट्यात, म्हणजे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा या भागात, परदेश ही नवलाई नाही. कुणाचे चुलते कुवेतला, कुणाचा मामा दुबईत, कुणी जहाजावर. पण ती वाट नोकरीची. तिथे कंपनी व्हिसा काढते आणि माणूस विमानात बसतो. शिक्षणाचा व्हिसा उलट्या बाजूने चालतो. पैसा कुठून आला, हाच अभ्यासक्रम का आणि शिकून झाल्यावर परत का येणार, हे सगळं अठरा-वीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने कागदावर पटवून द्यायचं. ते पटलं नाही की पोर्टलवर दोन पानी पत्र येतं.

मग घरात दोन सल्ले एकदम सुरू होतात. एजंट म्हणतो, "परत फाईल लावू." मुंबईचा एखादा नातेवाईक म्हणतो, "कोर्टात खेचा." दोन्ही सल्ले कधी बरोबर असतात, कधी साफ चुकीचे. देश कोणता आणि पहिल्या फाईलमध्ये नेमकं काय होतं, यावर ते ठरतं.

आधी एक गैरसमज बाजूला केलेला बरा. परदेशी दूतावासाने व्हिसा नाकारला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात रिट करता येत नाही. पासपोर्टचं तसं नाही. पासपोर्ट भारत सरकार देतं, आणि परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या सतवंत सिंग सहानी खटल्यात सांगितलं आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात पक्कं केलं. म्हणून पासपोर्ट अडला तर आधी पासपोर्ट कायद्यानुसार अपील आणि नंतर उच्च न्यायालय, असा देशातच रस्ता आहे. व्हिसा मात्र परक्या राष्ट्राचा अधिकार. त्याची दाद, मिळालीच तर, त्याच देशाच्या कोर्टात.

माणूस सीमेच्या आत आहे की बाहेर, यानेही चित्र पालटतं. जादवपूर विद्यापीठात शिकणाऱ्या एका पोलिश विद्यार्थ्याला फेब्रुवारी २०२० मध्ये भारत सोडून जाण्याची नोटीस मिळाली होती. नागरिकत्व कायद्याविरोधातल्या मोर्चाला तो गेला होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ती नोटीस रद्द केली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एका फटक्यात बंद केल्या, तेव्हा विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातला एक भारतीय विद्यार्थी पदवीला काही आठवडे उरलेले असताना फेडरल कोर्टात गेला आणि त्याला तातडीची स्थगिती मिळाली. असे खटले ठिकठिकाणी उभे राहिल्यावर महिना संपायच्या आत सरकारने त्या नोंदी परत सुरू करण्याचं मान्य केलं. हे दोघंही त्या-त्या देशात हजर होते. बोर्लीच्या घरात बसून पत्र वाचणाऱ्याला इतका मोकळा दरवाजा मिळत नाही.

अमेरिकेत तर तो जवळजवळ बंदच आहे. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(ब) प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला येतो आहे असं गृहीत धरतं; तसं नाही हे अर्जदाराने मुंबईच्या वकिलातीतल्या खिडकीपुढे काही मिनिटांत पटवायचं. नाही पटलं तर अपील नाही. वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या निर्णयात कोर्ट सहसा हात घालत नाही, हे तत्त्व अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात पुन्हा ठामपणे मांडलं, आणि तो खटला तर एका अमेरिकी नागरिक बाईने नवऱ्याच्या व्हिसासाठी लढवला होता. अर्ज 'प्रशासकीय प्रक्रियेत' महिनोन्महिने लटकला असेल, तर निर्णय लवकर द्या एवढ्यासाठी काही जण दावा लावतात. नकारावर मात्र उपाय एकच: परिस्थितीत खरोखर काही बदललं असेल तर नवा अर्ज आणि पुन्हा १८५ डॉलर. अमेरिकेच्या नकारावर कोर्टात व्हिसा मिळवून देतो असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याच्या ऑफिसातला चहा पिऊन उठावं.

ब्रिटनने विद्यार्थ्यांचा अपिलाचा हक्क २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने काढून घेतला. उरलं ते प्रशासकीय पुनर्विलोकन. भारतातून अर्ज केला असेल तर नकार मिळाल्यापासून २८ दिवसांत, ८० पौंड भरून. यात त्याच खात्यातला दुसरा अधिकारी पहिल्याची चूक झाली का एवढंच पाहतो. चूक दाखवता आली तर हा मार्ग स्वस्त आणि सरळ आहे. बँकेचा कागदच जोडायचा राहिला असेल, तर तो आता जोडून चालत नाही. याच्या पुढची पायरी अप्पर ट्रिब्युनलमधलं न्यायालयीन पुनर्विलोकन. त्याची बाहेरची मर्यादा तीन महिने आणि तीही 'तत्परतेने' या अटीसह, म्हणजे शेवटच्या आठवड्यात जागं होऊन भागत नाही. दावा लावण्याआधी गृहखात्याला रीतसर पत्र पाठवून उत्तरासाठी साधारण १४ दिवस द्यावे लागतात. बऱ्याच वेळा प्रकरण या पत्रावरच मिटतं.

ब्रिटनच्या बाबतीत एक प्रकरण माहीत असावं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने टोइक या इंग्रजी चाचणीतली फसवणूक उघड केली. चाचणी घेणाऱ्या कंपनीने ५८ हजारांहून अधिक चाचण्या तपासल्या आणि त्यातल्या ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. त्या यादीवर विसंबून गृहखात्याने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यात भारतीय बरेच होते. काहींनी खरोखर दुसऱ्याला परीक्षेला बसवलं होतं. काहींनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली होती आणि तरी त्यांच्यावर फसवणुकीचा शिक्का बसला. जे मागे लागले त्यांच्यापैकी अनेकांच्या बाजूने न्यायाधिकरणांनी निकाल दिले, पण त्यात वर्षं गेली. नकाराच्या पत्रात 'फसवणूक' हा शब्द असेल, तर ते पत्र बाकीच्या नकारांसारखं नसतं, हे यातून घ्यायचं.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. भारतातून केलेला विद्यार्थी व्हिसाचा अर्ज फेटाळला गेला, तर गुणवत्तेवर फेरविचार मागण्याचा हक्क सहसा नसतो. तो ऑस्ट्रेलियात राहून अर्ज करणाऱ्याला, ऑक्टोबर २०२४ पासून कामाला लागलेल्या नव्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणापुढे. बाकीच्यांसाठी कायद्याच्या चुकीवर कोर्टात ३५ दिवसांत दाद मागण्याची अरुंद फट आहे. जुलै २०२५ पासून अर्जाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आहे आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. आयर्लंडमध्ये दोन महिन्यांत लेखी अपील करता येतं, तेही विनाशुल्क. ते न करणं म्हणजे निव्वळ आळस.

जर्मनीत अलीकडेच मोठा बदल झाला. आधी नकारावर वकिलातीकडेच हरकत नोंदवता येई आणि मुलं तो मार्ग सर्रास वापरत. १ जुलै २०२५ पासून तो बंद झाला. आता एक तर नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एका महिन्याच्या आत दावा. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, पण कामकाज जर्मन भाषेत चालतं आणि निकालाला वेळ लागतो. बहुतेकांनी नवा अर्जच करावा. कागद पूर्ण असताना नियमाचा चुकीचा अर्थ लावला गेला असेल, तेवढ्याच प्रकरणात बर्लिन गाठण्यात अर्थ आहे.

राहिला कॅनडा. कोर्टाचा रस्ता खऱ्या अर्थाने वापरात आहे तो इथे.

कॅनडातही अपील नाही. तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ७२ खाली फेडरल कोर्टाकडे आधी परवानगी मागायची आणि ती मिळाली की न्यायालयीन पुनर्विलोकन. कॅनडाबाहेरून केलेल्या अर्जाला मुदत ६० दिवस, देशात असलेल्याला फक्त १५. कोर्टाची फी ५० कॅनेडियन डॉलर. खर्च होतो तो वकिलावर. आणि इमिग्रेशनच्या खटल्यात जिंकणाऱ्यालाही विशेष कारणाशिवाय तो खर्च सरकारकडून मिळत नाही, हे आधीच हिशेबात धरावं.

न्यायाधीश व्हिसा देत नाहीत. अधिकाऱ्याने दिलेला निर्णय 'वाजवी' होता का, एवढंच ते पाहतात. हा निकष कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ च्या वाविलोव निकालात घालून दिला. तो खटला टोरंटोत जन्मलेल्या, पण रशियन हेरांच्या पोटी आलेल्या मुलाच्या नागरिकत्वाचा होता. त्या हेरगिरीच्या गोष्टीतून निघालेलं तत्त्व आज इथल्या मुलांच्या व्हिसाला लागू होतं. अधिकाऱ्याचं कारण थोडक्यात असलं तरी चालतं, पण समोरच्या पुराव्याशी त्याचा सांधा जुळला पाहिजे. एरवी हे सगळं बोर्डाच्या फेरतपासणीसारखं आहे: उत्तरपत्रिका तीच, नवी पुरवणी जोडता येत नाही. नकारानंतर मिळवलेला सातबारा किंवा नवं बँक स्टेटमेंट कोर्ट सहसा बघतही नाही.

मग जिंकतं कोण? नकार बहुतेक वेळा नियम २१६ वर उभा असतो, म्हणजे मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडेल याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही. फेडरल कोर्टाने अशा निर्णयांत काही गोष्टी वारंवार सांगितल्या आहेत. आधी परदेश प्रवास केलेला नाही, एवढ्यावरून अर्जदाराच्या विरोधात अनुमान काढणं पटणारं नाही. आई-वडील, भावंडं मायदेशी असताना 'कौटुंबिक बंध कमी' असं लिहायचं तर कारण द्यावं लागतं. हा अभ्यासक्रम अर्जदाराच्या करिअरला उपयोगाचा नाही, असं ठरवत बसणं हे अधिकाऱ्याचं काम नव्हे. आणि महत्त्वाचा पुरावा समोर असताना त्याचा साधा उल्लेखही नसेल, तर तो वाचलाच नाही असं मानायला जागा राहते. यातलं काही आपल्या फाईलला लागू होत असेल तर दावा जिवंत आहे. पैसे खरोखरच कमी दाखवले असतील तर नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काशिवाय राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. त्याहून कमी असतील तर कोणताही न्यायाधीश मदतीला येणार नाही.

म्हणून नकार आला की पहिलं काम अधिकाऱ्याची टिपणं वाचणं. जुलै २०२५ च्या अखेरीपासून कॅनडा बऱ्याच नकारपत्रांसोबत ही टिपणं जोडू लागला आहे. पत्रातली छापील वाक्यं सगळ्यांना सारखीच असतात, खरं कारण टिपणात सापडतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल कोर्टाने खास स्टडी परमिटसाठी एक सोपी पद्धत चाचणी म्हणून सुरू केली. परवानगी आणि गुणवत्ता यांचा विचार एकदमच, अर्ज सुटसुटीत, आणि एरवी १४ ते १८ महिने घेणारा निकाल सुमारे ५ महिन्यांत देण्याचं उद्दिष्ट. अट अशी की प्रकरण सरळ हवं, सरकारी पक्षही या पद्धतीला राजी हवा, सुरक्षेचा किंवा खोट्या माहितीचा मुद्दा नको, आणि मुदतवाढ मागितलेली नको. दुसरी एक गोष्ट वकील मंडळींना चांगली ठाऊक असते: दाव्यात दम दिसला की सरकारी वकील कधी कधी सुनावणीआधीच तडजोड सुचवतात आणि फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पुन्हा निर्णयाला जाते. खटला जिंकूनही हेच मिळतं, व्हिसा नव्हे. दुसरा अधिकारी पुन्हा नाही म्हणू शकतो, फक्त या वेळी त्याला नीट कारण द्यावं लागतं.

अशा दाव्यात फेडरल कोर्टात उभं राहण्याचा अधिकार कॅनडातल्या वकिलालाच. तिथले परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंट अर्ज भरून देऊ शकतात, पण या कोर्टात प्रतिनिधित्व करू शकत नाहीत. मुंबई-पुण्याचे एजंट तर नाहीच नाही. वकिलाचं नाव त्याच्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या यादीत आहे का, हे घरबसल्या फुकट पाहता येतं.

साठ दिवस पुष्कळ वाटतात, पण गावाकडे ते हमखास वाया जातात एका क्षुल्लक कारणाने. एजंट अर्ज भरताना स्वतःचाच ईमेल देतो. पत्र त्याच्याकडे पडून राहतं, तो "अजून प्रोसेसमध्ये आहे" म्हणत राहतो, आणि घरी कळेपर्यंत महिना उलटलेला असतो. मुदत कळल्यापासून मोजतात हे खरं, पण आपल्याला कधी कळलं हे सिद्ध करत बसण्याची वेळच येऊ नये. अर्जाचं खातं विद्यार्थ्याच्या ईमेलवर आणि विद्यार्थ्याच्या मोबाइलवर हवं. पासवर्डही त्याच्याचकडे.

आता फाईलकडे. कोकणातल्या घरांची फाईल शहरातल्या नोकरदाराच्या फाईलसारखी नसते, आणि अडचण तिथेच सुरू होते. सातबारा अजून आजोबांच्या नावावर, खाली दहा-बारा सहहिस्सेदार, वारस नोंद राहिलेली. घरात सगळ्यांना माहीत असतं वाडी कुणाची. दूरच्या अधिकाऱ्याला दिसतं ते इतकंच की वडिलांच्या नावावर जमीन नाही. फेरफार करून घ्यावा, ते लगेच जमणार नसेल तर वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडून नातं एका पानात सांगावं. नारळ-सुपारीचं उत्पन्न शेतीचं, म्हणून करमुक्त. साहजिकच आयकर विवरणपत्र कोरं किंवा नाहीच, आणि बँकेत वर्षातून एक-दोनदा एकदम रक्कम जमा. न समजावता दिली तर ही रक्कम उसनी आणून दाखवल्यासारखी दिसते. विक्रीच्या पावत्या, श्रीवर्धन तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि चार ओळींचं स्पष्टीकरण सोबत हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यांची पुढची काही वर्षं बँकेत रोडावलेली दिसणारच, कारण सुपारीचं झाड पुन्हा धरायला वर्षं लागतात. पंचनाम्याची प्रत आणि भरपाईची नोंद असेल तर ती फाईलमध्ये घालावी. परत यायला घर, जमीन आणि माणसं आहेत, हे याच वाडीच्या कागदांवरून दाखवता येतं.

दुबईच्या काकांच्या पैशाचं प्रत्येक देशात वेगळं होतं. कॅनडात आणि अमेरिकेत काका खर्च उचलू शकतात, पण त्यांचं पगारपत्र, खात्याचा इतिहास आणि ते का देतायत याचं पत्र लागतं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या खात्यात, आणि सलग २८ दिवस हवेत. काकांच्या खात्यातली शिल्लक कितीही असली तरी मोजत नाहीत. त्यावरून नकार आला तर पुनर्विलोकनाचे ८० पौंड वाया घालवू नयेत. जर्मनीत विद्यार्थ्याच्याच नावाने वर्षाला ११,९०४ युरोंचं ब्लॉक खातं दाखवणं ही रुळलेली पद्धत. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक वेळा शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं.

एजंटने खोटा कागद घातला तर भोगतो विद्यार्थी. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची, मुख्यतः पंजाबातल्या, प्रवेशपत्रं बनावट निघाली. ती मुलं वर्षानुवर्षं तिथे शिकून नोकरीला लागली होती. मिसिसॉगात त्यांनी धरणं धरलं, जून २०२३ मध्ये सरकारने हद्दपारी थांबवून प्रत्येक प्रकरण तपासायचं ठरवलं, आणि ती पत्रं पुरवणाऱ्या जालंधरच्या एजंटला मे २०२४ मध्ये व्हँकुव्हरच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. खोट्या माहितीचा ठपका बसला तर कॅनडाची बंदी पाच वर्षांची, ब्रिटनची दहा वर्षांची, अमेरिकेची आयुष्यभराची. अशा ठपक्याआधी कॅनडाकडून 'तुमचं म्हणणं मांडा' असं पत्र येतं. त्याला उत्तर एजंटकडून लिहून घेऊ नये. इथे वकील लागतोच, मग कोर्टात जा वा न जा.

एजंटविरुद्धची लढाई मात्र घराजवळ लढता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बोर्लीच्या कुटुंबाला अलिबाग. एजंटचं ऑफिस अंधेरीत असो वा ठाण्यात. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. व्हिसा मिळाला नाही, एवढ्याने सेवेत त्रुटी ठरत नाही. मुदत कळवली नाही, खोटं आश्वासन लेखी दिलं, कागद बदलले, कबूल केलेला परतावा अडवला, हे ठरू शकतं. म्हणून पैसे रोख देऊ नयेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नये. बनावट कागद देऊन फसवणूक केली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांतही जाता येतं. ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५.

दावा चालू असताना कॉलेजला विसरून चालत नाही. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलून घ्यावा, नकाराचं पत्र दाखवून शुल्क परताव्याची अट वाचून घ्यावी, बँकेला कर्जाचं वितरण थांबवायला लेखी कळवावं. दावा सुरू ठेवून नवा अर्जही करता येतो; कॅनडात त्याला आडकाठी नाही, आणि सत्र गाठायचं असेल तर बरेचदा तेच शहाणपणाचं ठरतं.

नव्या अर्जात 'यापूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का' हा प्रश्न येतोच. उत्तर 'हो', तारखेसह आणि कारणासह. कोर्टाने तो नकार रद्द केला असेल तरी 'हो' लिहून खाली निकालाचा उल्लेख करायचा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इमिग्रेशनची माहिती आपापसांत पडताळून पाहतात. एका देशाचा नकार दुसऱ्यापासून लपवला, तर लपवाछपवीबद्दलच नवा नकार येतो, आणि त्यावर दाद मागायला फार कमी जागा उरते.